जुन्या गाण्यांचा पेन ड्राइव्ह: मुंबईहून लांब निघण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

गणपती आठवड्यावर आले की मला ठरलेले फोन येतात. "पेन ड्राइव्ह लावला, पण गाडी म्हणते यात काहीच नाही." "गाणी मोबाइलमध्ये होती, कर्नाळ्याच्या पुढे एकही वाजेना." "हजार गाणी भरली, तरी आई म्हणते बंद कर ते." तक्रारी तीन, दुखणं एकच. लोक आधी गाणी गोळा करत सुटतात, आणि गाडीत कोण बसणार, रस्ता कुठला, स्टिरिओ कुठला हे निघायच्या आदल्या रात्री अकरा वाजता आठवतं.

खालचा क्रम याच्या बरोब्बर उलटा आहे: माणसं आधी, मग गाणी, मग गाडी आणि शेवटी रस्ता. उदाहरणादाखल आमचाच प्रवास घेतो. मुलुंडहून गुहागर, सात-आठ तास, गाडीत पाच जण. दहा दिवस आधी सुरुवात करा. घरच्या कॅसेट उतरवायच्या असतील तर तीन आठवडे धरा.

१. गाडीत कोण बसणार, त्यांची जन्मसालं लिहा

एक कागद घ्या. प्रत्येकाच्या नावापुढे जन्मसाल लिहा, त्यात एकदा १२ मिळवा आणि एकदा २२. मधली दहा वर्षं हा त्या माणसाचा गाण्यांचा काळ. वयात येतानाच्या आणि तरुणपणाच्या आठवणी सगळ्यात दाट असतात, आणि त्या वेळी कानावर पडलेली गाणी त्यांना चिकटून राहतात.

आमच्याकडे बाबा १९४९चे, म्हणजे १९६१ ते ७१. आई १९५५ची, म्हणजे १९६७ ते ७७. मी १९७९चा, म्हणजे १९९१ ते २००१. बायको माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मुलगी २००९ची. तिचा हिशेब वेगळा करायचा: लहानपणी भरवताना किंवा झोपवताना जे वाजायचं तेच तिचं "जुनं".

नेहमीची चूक इथेच होते. "जुनी गाणी" म्हटलं की सगळे पन्नासच्या दशकातला एकच खण उघडतात. माझ्या बाबांना ती गाणी आवडतात, पण ती त्यांच्या काकांची गाणी आहेत. ती लागली की बाबा मान डोलावतात. एकसष्टनंतरचं काही लागलं की बोलायला लागतात, कोणत्या गल्लीत, कुणाच्या रेडिओवर, कुणाबरोबर. प्रवासात आपल्याला हे दुसरं हवं असतं.

तपासा: कागदावर कुणाचाच नसलेला एखादा काळ तुम्ही केवळ "क्लासिक" म्हणून घुसवलाय का? असेल तर त्यातली चार-पाच ठेवा, बाकी काढा.

२. फर्माईश विचारा, पण सरळ विचारू नका

"आई, तुला कोणती गाणी हवीत?" या प्रश्नाचं महाराष्ट्रात एकच उत्तर मिळतं: "काहीही लाव, मला काय." हे उत्तर खरं मानून पुढे गेलात तर पेणला पोचेपर्यंत पस्तावाल.

गाण्याबद्दल विचारू नका, जागेबद्दल विचारा. सकाळी शाळेच्या तयारीच्या वेळी घरी रेडिओवर काय चालू असायचं? कामगार सभा लागायची का? 'आपली आवड'ला पत्र टाकलं होतं का, कोणत्या गाण्यासाठी? विविध भारतीवर रात्री 'बेला के फूल' ऐकत कोण जागायचं? मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, तेव्हा चाळीत टीव्ही कुणाकडे होता, आणि छायागीत बघायला दारात कोण कोण बसायचं? गणपतीच्या मांडवात कर्ण्यावर सकाळी पहिली रेकॉर्ड कोणती लागायची? लग्नात बँडवाल्यांनी काय वाजवलं होतं? माझ्या पिढीला विचारायचं तर: व्हिडिओ कोचमध्ये काय लागायचं, आणि पहिली कॅसेट स्वतःच्या पैशाने कोणती घेतली?

अशा दोन संध्याकाळी झाल्या की प्रत्येकाची वीसेक गाणी सहज निघतात. शब्द जसे सांगतील तसे लिहून घ्या, चुकीचे असले तरी. शोधताना दुरुस्त होतात. सांगताना मात्र मध्येच "अगं, ते तसं नाहीये" म्हणालात की पुढचं गाणं येत नाही.

सावधान: त्याच कागदाच्या मागे "नको" अशी यादी करा. गेलेल्या माणसाचं आवडतं गाणं कुणाला हवंसं वाटतं, कुणाला सहन होत नाही. हे आधी विचारून घ्यायचं. आमच्या घरात एक गाणं असं आहे की ते लागलं तर आई खिडकीबाहेर बघत बसते आणि पुढचा तासभर कुणी बोलत नाही. ते पेन ड्राइव्हवर नाही.

३. तेच गाणं, पण त्यांनी ऐकलेलं

नाव तेच, चाल तीच, आवाज मात्र भलताच. ऑनलाइन एका गाण्याच्या दहा आवृत्त्या असतात: मूळ ध्वनिमुद्रण, दुसऱ्याच गायकाने पुन्हा गायलेलं, मैफलीतलं, नवं संगीत चढवलेलं. कॅसेटच्या जमान्यात मूळ गाणी दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकायची मोठी लाट होती, आणि तीही आता मूळ नावानेच सापडतात.

पहिलं कडवं संपेपर्यंत ऐका. गायकाचं नाव आणि साल बघा. लांबीही बघा. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे चित्रपटात असलेलं एखादं कडवं रेकॉर्डवर नसायचं. रेडिओवर वाजायची ती रेकॉर्ड. म्हणून साठच्या दशकातल्या रेडिओवाल्या माणसाला चित्रपटातली लांब आवृत्ती ऐकवली तर तो मध्येच म्हणतो, "हे कडवं कुठून आलं?" चूक त्याची नसते.

याची उलटी बाजूही आहे. नव्वदच्या दशकात रिक्षा, व्हिडिओ कोच आणि पानाच्या गादीवर जी गाणी ऐकली ती पुष्कळदा ढोलक-कोंगो चढवलेली, 'झंकार' नावाने विकली जाणारी होती. शुद्धतावादी नाक मुरडतील. पण माझ्या वयाच्या माणसाला साधी आवृत्ती ऐकवली की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. इथे मी शुद्धतेच्या बाजूने नाही. त्यांनी जे ऐकलं तेच भरा.

४. घरातल्या कॅसेट उतरवणं

ज्यांच्याकडे कॅसेट नाहीत त्यांनी थेट पाचव्या टप्प्यावर जावं. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हा टप्पा घाईने करू नये. भाच्याच्या बारशाचं गाणं, आजीने म्हटलेल्या ओव्या, मंडळाच्या कार्यक्रमात काकांनी गायलेलं नाट्यगीत हे कुठल्याही ॲपवर मिळणार नाही.

आधी कॅसेट उजेडात धरा. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर ती कॅसेट वाजवू नका. बुरशी डेकच्या (कॅसेट प्लेअरच्या) हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. अशा कॅसेट बाजूला ठेवून जाणकाराकडे द्या.

बाकीच्यांसाठी क्रम असा:

क) डेकचं झाकण उघडून हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी तपकिरी निघेल. स्वच्छ निघेपर्यंत पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या.

ख) कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा पूर्ण मागे घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेली टेप एकमेकीला चिकटलेली असते. ९० मिनिटांच्या कॅसेटची टेप पातळ असते, ती अडकते. तिच्यावर नजर ठेवा.

ग) डेकच्या हेडफोनच्या भोकातून दोन्ही टोकांना ३.५ मिमीची पिन असलेली वायर काढा. ती लॅपटॉपच्या एकुलत्या भोकात घालू नका. ते भोक हेडसेटसाठी असतं, त्यातला माइक एकाच बाजूचा आणि फार संवेदनशील असतो, आवाज फाटून येतो. लाइन-इन असलेलं साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या.

घ) ऑडॅसिटी हा फुकट प्रोग्राम पुरतो. ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ. सगळ्यात जोरात वाजणारा भाग आधी वाजवून बघा आणि पट्टी उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही इतका आवाज ठेवा.

ङ) आवाज दबका, रजईखालून आल्यासारखा वाटला तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी केसभर फिरवा. ज्या जागी झांजा आणि 'स'चा आवाज एकदम खुलतो तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला ही जागा थोडी वेगळी असू शकते.

च) आता रेकॉर्ड करा. यात शॉर्टकट नाही. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात. त्या वेळात लॅपटॉपवर दुसरं काही करू नका, मेल आल्याची टिंगटिंगसुद्धा त्यात येऊन बसेल.

तपासा: पहिल्या दोन मिनिटांनंतर थांबवून बघा. पडद्यावर डाव्या-उजव्या दोन्ही लाटा दिसतायत का? एकच असेल तर वायर अर्धी बसलीय. हे बाजू संपल्यावर कळलं तर अर्धा तास गेला.

सावधान: खरखर काढण्याचा मोह आवरा. ऑडॅसिटीत दोन गाण्यांमधला रिकामा तुकडा नमुना म्हणून देऊन खरखर कमी करता येते, पण जास्त ओढली की गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं. सहा ते नऊ डेसिबल पुष्कळ झालं. शिवाय गाडीत टायरचा आवाज त्या खरखरीला गिळूनच टाकतो. घरी हेडफोन लावून तासन्‌तास घासत बसण्यात अर्थ नाही.

शेवटी गाणी तोडा, नावं द्या आणि मूळ लांबलचक फाइल दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवा. कॅसेट फेकू नका.

५. गाडीला कळेल असा पेन ड्राइव्ह

निम्मे फोन या टप्प्यासाठी असतात.

पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. नवे मोठे ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतात, आणि आठ-दहा वर्षं जुन्या स्टिरिओंना ते वाचताच येत नाहीत. बहुतेक विंडोज संगणकांवर ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला फॅट३२चा पर्याय दिसत नाही, म्हणून ८ किंवा १६ जीबीचा घ्या. मोठा घेऊन करणार काय? चांगल्या दर्जाचं, म्हणजे ३२० केबीपीएसचं एमपी३ मिनिटाला साधारण २.४ एमबी जागा घेतं. साडेचार मिनिटांची ऐंशी गाणी धरली तरी एक जीबीच्या आत बसतात.

फाइल एमपी३च ठेवा. फ्लॅक आणि एम४ए काही गाड्यांत वाजतात, काहींत वाजत नाहीत, आणि जी गाडी वाजवत नाही ती कारणही सांगत नाही, गाणं गुपचूप ओलांडून पुढे जाते.

फाइलचं नाव रोमन लिपीत आणि छोटं ठेवा. देवनागरी नावं फोनवर छान दिसतात, बऱ्याच स्टिरिओंवर मात्र चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उमटतात. नावाआधी तीन आकडी क्रमांक हवाच: ००१, ००२, ०१०. हेही इंग्रजी आकड्यांतच. नुसतं १, २, ३ लिहिलंत तर कित्येक स्टिरिओ १ नंतर १०, ११, १२ वाजवून मग २ वर येतात.

हे मी भोगलंय. बाबांसाठी गीतरामायण भरलं होतं. एकूण ५६ गीतं, रामकथेच्या क्रमाने रचलेली. क्रमांक मी आपले एक, दोन, तीन असे टाकलेले. कळंबोलीला सीतेचं स्वयंवर झालं, चिपळूणच्या अलीकडे रावणवध, आणि गुहागर जवळ आल्यावर रामजन्म. बाबा इतकंच म्हणाले, "आता पुढे काय, दशरथाचं लग्न?"

त्याहून चिवट अडचण अशी की काही स्टिरिओ नावाकडे बघतच नाहीत. फाइल ज्या क्रमाने ड्राइव्हवर उतरल्या त्याच क्रमाने वाजवतात. सगळी गाणी एकदम निवडून ओढली की तो क्रम वेडावाकडा होतो. उपाय साधा: ड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट करा आणि फोल्डर एकेक करून, आतली गाणी क्रमाने उतरवा. फॅटचा क्रम लावून देणारे छोटे फुकट प्रोग्रामही मिळतात.

फोल्डरच्या आत फोल्डर नको. एकच पातळी ठेवा. ॲपलच्या संगणकावरून भरत असाल तर तो प्रत्येक गाण्याबरोबर एक लपलेली फाइल टाकतो, आणि गाडी तिलाही गाणं समजून अडखळते. भरून झाल्यावर त्या काढा.

सावधान: फुटपाथवर तीनशे रुपयांत "५१२ जीबी" मिळतो तो घेऊ नका. आकडा फक्त दाखवण्यापुरता असतो. आतली जागा संपली की पुढची गाणी आधीच्यांवर चढतात. मी एकदा घेतला. अर्धं गाणं अरुण दात्यांचं आणि उरलेलं अर्धं कुणाचं, ते आजवर कळलेलं नाही.

६. आवाजाची पातळी एकसारखी करा

१९६५चं गाणं हळू येतं म्हणून तुम्ही आवाज वाढवता, पुढचं १९९८चं निघतं आणि मागच्या सीटवर आई दचकते. हे एकदा घडलं की पुढच्या प्रत्येक गाण्याआधी सगळ्यांच्या छातीत धडधड सुरू.

एमपी३गेन नावाचा जुना फुकट प्रोग्राम यासाठी आहे. तो गाणं पुन्हा दाबत नाही, फक्त पातळीचा आकडा बदलतो, त्यामुळे दर्जा बिघडत नाही. पातळी ८९ डेसिबल आधीच ठरलेली असते, तीच राहू द्या.

यात दोन बटणं आहेत आणि लोक चुकीचं दाबतात. वेगवेगळ्या काळाची मिसळ असेल तर 'ट्रॅक' पातळी. एकच सलग रचना असेल, गीतरामायणासारखी किंवा एखादी पूर्ण मैफल, तर 'अल्बम' पातळी. तिथे 'ट्रॅक' वापरलंत तर कुजबुजून म्हटलेलं गीतही आरोळीइतकं मोठं होतं.

७. रस्त्याप्रमाणे क्रम लावा

आठ तास म्हणजे चार मिनिटांची एकशेवीस गाणी. तितकी भरू नका. चहा, जेवण, फोन, भांडण आणि शांतता यांत तीन तास जातात. सत्तर ते ऐंशी पुरेत. पुण्याला निघाला असाल तर कळंबोली ते किवळे हा द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. घरापासूनचा वेळ धरूनही तीसच्या वर गाणी लागत नाहीत.

एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. शांत, हळुवार गाणी मोकळ्या रस्त्यासाठी नसतात. ताशी ऐंशी-नव्वदला टायर आणि वाऱ्याची घरघर तानपुरा, आलाप, हलकी बासरी सगळं गिळते. ते ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की पुढची तान कानाचे पडदे हलवते. हळुवार गाणी संथ वाहतुकीसाठी ठेवा, आणि वेगाच्या पट्ट्यावर ठेका धरणारी, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोरात वाजणारी.

आमचं फोल्डरवार वाटप असं असतं:

०१: घर ते पळस्पे. पहाटे साडेचारला निघतो. ऐरोलीचा पूल, ठाणे-बेलापूर रस्ता, अंधार. दहा-बारा अभंग आणि भक्तिगीतं. आई-बाबांना हवीच असतात, आणि मुलगी झोपलेली असते. अंगाईसारखं मात्र काही नको, चालवणाराही पहाटे चारला उठलेला असतो.

०२: कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे. उजाडतं. बाबांचा काळ. यात सगळ्यात जास्त गप्पा होतात, म्हणून गाणी कमी, बारा-पंधरा.

०३: कोलाड ते महाड. आईचा काळ आणि भावगीतं. माणगावात गाडी अडकणार हे धरूनच चाला. गणपतीच्या दिवसांत तर नक्कीच. सगळ्यात हळुवार गाणी मी याच पट्ट्यात ठेवतो. श्रीनिवास खळ्यांच्या चाली थांबलेल्या गाडीत जितक्या ऐकू येतात तितक्या कुठेच येत नाहीत.

०४: पोलादपूर, कशेडी, खेड. घाटासाठी सगळ्यांच्या ओळखीची आठ गाणी. आवाज कमी, समोरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. ज्यांना गाडी लागते त्यांच्या हातात फोन देऊन "जरा गाणं शोध" म्हणू नका. वळणावर पडद्याकडे बघितलं की पोट ढवळतंच.

०५: लोटे, परशुराम घाट, चिपळूण. जेवणानंतरची वेळ. इथे मागच्या सीटची लोकशाही बंद. चालवणाऱ्याच्या काळातली, त्याला तोंडपाठ असलेली, बरोबर गाता येणारी गाणी. म्हणजे माझा नव्वदचा सगळा माल.

सावधान: डोळे जड झाले तर गाणं बदलू नका, गाडी थांबवा. गाण्याने झोप जात नाही, ती फक्त दहा मिनिटं लपते.

०६: चिपळूण सोडून मार्गताम्हाण्याच्या बाजूला लागलो की मुलीचा नंबर. रस्ता अरुंद, झाडी जवळ, काचा खाली. तिची गाणी लागतात आणि आजी-आजोबा एकमेकांकडे बघतात. हे फोल्डर शेवटीच ठेवायचं, कारण ते लागल्यावर मागे जाता येत नाही.

नाशिककरांनी हेच भिवंडी, शहापूर, कसारा, इगतपुरी असं बसवावं. कसारा घाटाचं फोल्डर वेगळं हवंच.

८. ॲपवरून वाजवणार असाल तर

थोडक्यात. फुकटच्या खात्यावर बहुतेक ठिकाणी गाणी उतरवून घेता येत नाहीत. यादीत दिसतात म्हणजे फोनमध्ये आहेत असं नाही. पैसे भरलेले असले तरी स्पॉटिफायवर ३० दिवसांतून एकदा ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी गळून पडतात. 'यादी संपल्यावर आपोआप पुढचं' आणि 'शफल' ही दोन्ही बटणं बंद करा.

तपासा: निघायच्या आदल्या दिवशी फोन विमान मोडवर टाका आणि यादीतलं पहिलं, मधलं आणि शेवटचं गाणं लावा. तिन्ही वाजली तरच गाणी तुमच्याकडे आहेत. वाय-फाय चालू ठेवून केलेल्या चाचणीला काही किंमत नाही.

ब्लूटूथवर रस्ता सांगणारी बाई नेमक्या ध्रुवपदात बोलते. रस्ता दाखवणारा फोन वेगळा ठेवा, किंवा तिचा आवाज बंद करून नकाशा शेजारच्याला बघू द्या. ऑक्स वायर (फोन स्टिरिओला जोडणारी) आणि चार्जर एकाच फोनला लावल्यावर इंजिनाबरोबर चढणारी गुणगुण ऐकू आली तर वायर खराब नाही. चार्जर काढून बघा, थांबते. कायमचा उपाय हवा तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मध्ये लावतात.

९. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाचणी

दोन दिवस आधी, आदल्या रात्री नाही. गाडी सुरू करा, पेन ड्राइव्ह लावा आणि वीस मिनिटं बसा. प्रत्येक फोल्डरमधलं पहिलं आणि शेवटचं गाणं वाजवा. गाडी बंद करून पुन्हा सुरू करा: गाणं जिथे थांबलं तिथूनच लागतं की पुन्हा ००१पासून? पुन्हा पहिल्यापासून लागत असेल तर प्रत्येक चहानंतर अभंग ऐकावे लागतील. मग फोल्डर बदलायचं बटण कुठलं ते आताच शिकून घ्या.

मग मागच्या सीटवर जाऊन बसा. हे कुणीही करत नाही. पुढे बसणाऱ्याला स्पष्ट वाटणारा आवाज मागे नुसता ढबढब पोचतो. स्टिरिओमधला 'फेडर', म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी पट्टी, दोन घरं मागे सरकवा आणि बेस वाढवणारी सगळी बटणं बंद करा. जुन्या ध्वनिमुद्रणात खालचे सूर मुळातच कमी असतात. ते ओढून आणायला गेलं की फक्त दाराचा पत्रा थरथरतो. मधले सूर थोडे वर घ्या, शब्द सुटे होतात.

तपासा: तोच पेन ड्राइव्ह हुबेहूब उतरवलेला दुसरा एक ड्राइव्ह डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय का?

१०. गाडीत बटण कुणाच्या हाती

चालवणाऱ्याच्या नाही. गाडी चालवताना फोन हातात धरणं कायद्यानेही गुन्हा आहे, आणि स्टिरिओच्या पडद्यावर ऐंशी नावांत एक शोधणं त्याहून कमी धोक्याचं नाही. चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरची दोनच बटणं वापरायची: पुढचं गाणं आणि आवाज. बाकी सगळं शेजारच्या सीटवरचा माणूस बघेल.

प्रत्येकाला तीन वेळा "पुढचं लाव" म्हणायचा हक्क द्या, चौथ्यांदा नाही. गाणं लागलेलं असताना कुणी आठवण सांगायला लागलं तर आवाज कमी करा, गाणं बंद करू नका. बंद केलं की सांगणारा ओशाळतो आणि थांबतो.

शेजारच्याच्या हातात पेन द्या. जे गाणं पुढे ढकललं गेलं त्याचा क्रमांक त्या जन्मसालांच्या कागदावर लिहायचा. घरी परत आलात की आधी पेन ड्राइव्ह गाडीतून काढा, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो सोडू नका. मग कागदावर लिहिलेल्या क्रमांकांची गाणी ड्राइव्हवरून पुसून टाका आणि रिकाम्या जागी वाटेत जी नवी फर्माईश आली ती भरा. आमच्या मागच्या फेरीत चौदा गाणी पुसली गेली. त्यांतली नऊ मी मोठ्या हौसेने निवडलेली होती.